आखणी उघड्या डोळ्यांची

आमच्या घराण्यात टपोरे डोळे कुणाच्याच वाट्याला आले नाहीत. वरची पापणी भुवईखालून अशी उतरलेली, की लग्नाच्या कुठल्याही अल्बममध्ये आमच्याकडची मंडळी पंगतीतून नुकतीच उठून आल्यासारखी पेंगुळलेली दिसतात. आजीला हे चांगलं ठाऊक होतं आणि तिच्या परीनं तिनं त्यावर इलाजही चालवला होता. घरात बाळ जन्मलं की ती एरंडेलाचा दिवा लावायची आणि दोन वाट्यांच्या आधारानं त्यावर तांब्याचं ताट पालथं घालायची. सकाळी ताटाला धरलेली काजळी खरवडून तुपात खलायची आणि चांदीच्या डबीत भरून ठेवायची. मग अंघोळ झालेल्या बाळाच्या डोळ्यांत करंगळीनं रेघ ओढत म्हणायची, "रोज काजळ घातलं की डोळे मोठे होतात गं."

डोळे मोठे व्हायचेच म्हणा. नवजात बाळाचा नेत्रगोल साधारण 17 मिलिमीटरचा असतो आणि मोठ्या माणसाचा 24 मिलिमीटरच्या आसपास. काजळ घातलं तरी तो वाढतो, न घातलं तरी वाढतो. आजीच्या डबीला फुकटचं श्रेय मिळत गेलं. पापणी मात्र होती तिथेच राहिली. आता बालरोगतज्ज्ञ बाळाच्या डोळ्यांत बोट घालायलाच मनाई करतात आणि ते योग्यच आहे. नखातून जंतू जातात, अश्रूंच्या बारीक नळीची वाट अडू शकते. पारंपरिक सुरमा तर पुष्कळदा शिशाच्या खनिजापासून बनवलेला असतो, आणि शिसं लहान मुलांच्या मेंदूला घातक आहे. आजीचा दिवा विझला ते बरंच झालं. पण डोळा मोठा दिसला पाहिजे, ही तिची इच्छा काही विझली नाही. ती आयलायनर आणि आयशॅडोच्या डब्यांत जाऊन बसली.

मुळात डोळे मोठे किंवा लहान असं आपण म्हणतो तेव्हा डोळ्याबद्दल फारसं बोलतच नसतो. नेत्रगोल सगळ्यांचा जवळपास सारखाच. फरक असतो तो पापण्यांमधल्या फटीत. मोठ्या माणसात ही फट साधारण 30 मिलिमीटर रुंद आणि 10 मिलिमीटर उंच असते. एवढ्याशा जागेत सगळं रामायण घडतं. वरची पापणी उचलणाऱ्या स्नायूचे तंतू पापणीच्या कातडीला कुठे चिकटलेत, त्यावर पापणीची घडी ठरते. ते खालीच चिकटले किंवा चिकटलेच नाहीत, तर घडी दिसतच नाही. पूर्व आशियातल्या पुष्कळ लोकांचे डोळे असे असतात. भुवईचं हाड पुढे असेल तर डोळे खोल वाटतात. भुवईखाली कातडी आणि चरबी अधिक असेल तर तिचा छज्जा घडीवर उतरतो आणि आमच्यासारखे, ब्यूटी पार्लरच्या भाषेत 'हूडेड', डोळे तयार होतात. बाहेरचा कोपरा आतल्यापेक्षा किंचित वर असला की डोळा तरतरीत दिसतो, तोच खाली झुकला की माणूस हसत असतानाही लोक विचारतात, "काय गं, बरं नाही का?"

या सगळ्या घडणींचे आता तक्ते झाले आहेत. बदामी, गोल, खोल, पुढे आलेले, झाकलेले, एकपदरी, वर चढणारे, खाली उतरणारे, जवळजवळचे आणि दूरदूरचे. प्रत्येकापुढे एक चित्र आणि एक उपाय. हे तक्ते निरुपयोगी आहेत असं मला म्हणायचं नाही. त्यांच्या मुळाशी एक पक्का नियम आहे, आणि चित्रकलेच्या एलिमेंटरी-इंटरमिजिएट परीक्षेत चेंडूला किंवा मडक्याला छाया दिलेल्या कुणालाही तो कळतो. फिकट रंग पुढे येतो, गडद रंग मागे सरतो. डोळे खोल असतील तर पापणीवर फिकट, जरा चमकदार रंग लावायचा, म्हणजे ती उजेडात येते. डोळे पुढे आलेले असतील तर चमक टाळून मॅट, मध्यम गडद रंग पापणीभर पसरायचा. दोन डोळ्यांमध्ये साधारण एका डोळ्याएवढं अंतर असतं. त्याहून कमी असेल तर आतल्या कोपऱ्यात उजेड आणि बाहेरच्या कोपऱ्यात सावली. जास्त असेल तर उलट. गोल डोळ्यांची रेघ बाहेरच्या बाजूला लांबवली की गोलाई लांबट होते. बाहेरचा कोपरा झुकलेला असेल तर रेघ त्या कोपऱ्याच्या थोडं आधीच वर वळवायची. त्याच्या मागोमाग खाली जाऊ द्यायची नाही.

आणि आपल्याकडचं सर्वांत लाडकं काम, म्हणजे खालच्या पापणीच्या आतल्या कडेला ठसठशीत काजळ भरणं. आजीचा समज होता की यानं डोळे मोठे होतात. होतं बरोबर उलटं. डोळ्याच्या पांढऱ्या भागाला काळी चौकट बसली की तो आक्रसलेला दिसतो. टपोऱ्या डोळ्यांना ती चौकट शोभते, कारण त्यांच्याकडे द्यायला जागा असते. बारीक डोळ्यांची उरलीसुरली जागाही ती खाऊन टाकते. तिथे काळ्याऐवजी फिकट, कातडीच्या रंगाची पेन्सिल फिरवली तर डोळ्याचा पांढरा भाग थोडा पुढे सरकल्यासारखा वाटतो. हे एवढं साधं, पण पिढ्यान्‌पिढ्या आम्ही मिचमिच्या डोळ्यांत काजळ कोंबत आलो.

तक्त्यांशी माझं भांडण आहे ते त्यांच्या क्रियापदांशी. गोल डोळे 'कमी करा', झुकलेला कोपरा 'उचला', जाड पापणी 'लपवा', बारीक डोळे 'सुधारा'. फक्त बदामी डोळ्यांना कसलाही उपाय सांगितलेला नसतो. त्यांनी काहीही लावावं. म्हणजे वर्गात एकच मुलगी पास, बाकीच्या सगळ्या ग्रेस मार्कांवर. जगातल्या बहुतेक माणसांचे डोळे चुकीचे आहेत असं मानणारं शास्त्र मला शास्त्र वाटत नाही.

या तक्त्यांत दुसरीही एक मोठी गफलत आहे, आणि ती मला दिसली भाचीच्या लग्नाआधीच्या मेकअप ट्रायलला. भाचीचे डोळे थेट आमच्या वळणाचे. तिनं मोबाइलवर शेकडो फोटो जमवले होते. सगळ्या फोटोंत नवरीनं डोळे मिटलेले आणि पापणीवर गुलाबी, तांबूस, सोनेरी रंग एकमेकांत विरघळत गेलेले. मेकअप करणारी मुलगी पंचविशीतली होती, बोलायला तुटक, हाताला मात्र स्थिर. तिनं फोटो पाहून घेतले आणि मोबाइल पालथा ठेवला.

"डोळे मिटू नका," ती भाचीला म्हणाली. "समोर आरशात बघा. हनुवटी वर नाही, खाली नाही. भुवया उचलू नका."

भाचीनं सवयीनं भुवया वर घेतल्या होत्या. आमच्या घरातल्या सगळ्या बायका आरशापुढे हेच करतात. पापणी थोडी उघडी दिसावी म्हणून. त्या मुलीनं एका बोटानं भुवई हळूच खाली बसवली. मग पेन्सिलनं डोळ्याच्या बाहेरच्या कोपऱ्यापलीकडे एक बारीक टिंब ठेवलं. खालच्या पापणीची कड भुवईच्या शेपटाकडे जात राहिली असती तर जिथे पोचली असती, तिथे. टिंबापासून कोपऱ्यापर्यंत रेघ आणली. आता खरी कसरत होती, कारण मध्ये पापणीवर आलेली कातडीची घडी आडवी येत होती. तिनं डोळा उघडाच ठेवून घडीवरून सरळ रेघ ओढली, नंतर डोळा मिटायला सांगितला आणि मध्ये राहिलेली मोकळी जागा ब्रशच्या टोकानं भरून काढली. आयशॅडोची गडद छटाही तिनं पापणीच्या खऱ्या घडीत लावली नाही, कारण ती तिथे लावली असती तर डोळा उघडताच आत गडप झाली असती. ती तिनं घडीच्या वर, उघड्या डोळ्यात दिसेल एवढ्या उंचीवर चढवली.

भाचीनं डोळे मिटले तेव्हा मी जवळजवळ ओरडलेच. रेघेला मध्येच एक खाच पडली होती, पायरी चुकल्यासारखी. "अगं, हे तुटलंय इथे!"

"काकू," ती मागे वळूनही न बघता म्हणाली, "लग्नात त्या काय डोळे मिटून उभ्या राहणार आहेत?"

भाचीनं डोळे उघडले. खाच नाहीशी झाली आणि रेघ कोपऱ्यातून सरळ वर गेली. डोळा मोठा झाला नव्हता. तो आमच्याच घरातला डोळा होता, फक्त जागा झाला होता. "अंतरपाट दूर झाला की त्या वर बघणार," ती मुलगी ब्रश पुसत म्हणाली, "मला तेव्हाची नजर पाहिजे. मिटलेली पापणी फोटोग्राफर बघेल, नवरा नाही बघणार."

बहुतेक तक्ते, बहुतेक चित्रं आणि बहुतेक शिकवण्या मिटलेल्या पापणीवर चालतात, ही ती गफलत. मिटलेली पापणी हा रंगवायला सोयीचा कागद असतो. पण माणूस दुसऱ्या माणसाला दिसतो तो उघड्या डोळ्यांनी, आणि उघडा डोळा क्षणभरही एका आकारात राहत नाही. हसताना खालची पापणी वर येते, रागावताना भुवया खाली दाबल्या जातात, आश्चर्य वाटलं की बुबुळाभोवतीचा पांढरा भाग चहूबाजूंनी दिसतो. आकाराचा तक्ता तयार करणाऱ्यानं डोळा मुळात थांबवून धरलेला असतो.

आपल्याकडच्या जुन्या कलाशास्त्रकारांनी हे ओळखलं होतं. विष्णुधर्मोत्तर पुराणाच्या तिसऱ्या खंडात चित्रसूत्र आहे. त्यात डोळ्यांचे पाच आकार सांगितले आहेत. धनुष्यासारखा, माशाच्या पोटासारखा, निळ्या कमळाच्या पाकळीसारखा, पद्माच्या पाकळीसारखा आणि सहाणेसारखा. वरवर पाहता हाही एक तक्ताच. पण पुढे तो ग्रंथ हे आकार कुणाचे, ते सांगतो. ध्यानात जमिनीकडे लागलेला डोळा धनुष्याकार. स्त्रियांचा आणि प्रेमिकांचा माशाच्या पोटासारखा. शांत माणसाचा निळ्या कमळासारखा. भ्यालेल्याचा, रडणाऱ्याचा पद्माच्या पाकळीसारखा. संतापलेल्याचा आणि दुःखानं पोळलेल्याचा सहाणेसारखा. यात जन्मानं मिळालेल्या घडणीला जवळजवळ जागाच नाही. एकाच बाईचा डोळा सकाळी शांत, दुपारी संतापलेला आणि रात्री ओला असू शकतो; चित्रकारानं त्या त्या वेळचा आकार काढावा. अजिंठ्याच्या पहिल्या लेण्यातल्या पद्मपाणीचे डोळे पाहताना ते लहान की मोठे, हा प्रश्न कुणालाच पडत नाही. ते खाली झुकलेले आहेत, आणि झुकले आहेत म्हणूनच पाहणारा तिथे थबकतो. नाट्यशास्त्राने तर आकाराचा नादच सोडला आणि नजरा मोजल्या. रसांच्या आठ, स्थायी भावांच्या आठ आणि संचारी भावांच्या वीस, अशा एकूण छत्तीस दृष्टी.

हा विचार फक्त पोथ्यांत राहिला असंही नाही. रायगड जिल्ह्यातल्या पेणला गणपतीच्या कारखान्यांत जाऊन पाहावं. एकाच साच्यातून निघालेल्या मूर्ती ओळीनं मांडलेल्या असतात. अंगाचा रंग, पितांबर, दागिने, सगळं झालेलं असतं. डोळे मात्र कोरे असतात, आणि तोवर त्या मूर्तीकडे बघून कुणाचे हात जोडले जात नाहीत. डोळ्यांचं काम शेवटी येतं. त्याला तिथे आखणी म्हणतात आणि ते कुणाच्याही हाती दिलं जात नाही. हात बसलेला कारागीरच ते करतो. तो बारीक ब्रश घेतो, वरच्या पापणीची रेघ एका दमात ओढतो, बुबुळ बसवतो, पापण्यांचे केस काढतो. बुबुळ जराही इकडे-तिकडे झालं की देव तिरळा किंवा दचकलेला दिसतो. वरची रेघ बुबुळावर जरा खाली आणली की तोच देव प्रेमळ होतो. मूर्ती उंच असेल तर नजर खाली उतरवावी लागते, नाहीतर ती भक्ताच्या डोक्यावरून पलीकडे बघते. साचा एक, डोळ्याची खोबण एक, घडण तंतोतंत एक, आणि तरी दोन कारागिरांचे गणपती शेजारी ठेवले तर नजर वेगळी. आकारच सगळं ठरवत असता तर हे झालं नसतं.

रंगभूमीवरही तेच. बालगंधर्वांचं स्त्रीरूप पाहून बायका त्यांच्यासारख्या साड्या नेसू लागल्या, हे आपण ऐकत आलो आहोत. त्यांच्यावरच्या 2011 सालच्या चित्रपटात सुबोध भावे यांचा चेहरा रंगभूषाकार विक्रम गायकवाड यांनी घडवला आणि त्या कामाला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. तो चित्रपट पाहताना मी मुद्दाम डोळ्यांकडे लक्ष दिलं. काजळाची रेघ, भुवईचं वळण हे सगळं होतंच; पण पुरुष गळून पडत होता तो नजर उतरायची त्या क्षणी. रंगभूषेनं वाट करून दिली होती, चालणं नटाचं होतं.

मग टपोऱ्या, बदामी डोळ्यांचा हा हट्ट आला कुठून? माझ्या मते तो छापखान्यातून आणि पडद्यावरून आला. राजा रविवर्मा यांचा छापखाना 1894 साली मुंबईत सुरू झाला आणि पुढे मळवलीला गेला. त्यातून निघालेल्या लक्ष्मी-सरस्वती घराघरांतल्या भिंतींवर लागल्या आणि एकाच घडणीचे डोळे देवघरात रुजले. साठच्या दशकात शर्मिला टागोर यांची कोपऱ्याबाहेर झेपावणारी आयलायनरची रेघ आली, आणि ज्यांच्या डोळ्यांना ती शोभत होती त्यांनी आणि ज्यांच्या नव्हती त्यांनीही ती ओढली. आता मोबाइलचा फिल्टर काहीही न विचारता डोळे मोठे करून देतो. हा जाच आपल्यापुरताच नाही. जपानमध्ये मिकामो या शल्यचिकित्सकानं 1896 सालीच एकपदरी पापणीला घडी पाडण्याची शस्त्रक्रिया नोंदवून ठेवली. आज तिथे आणि कोरियात पापणीला घडी पाडणारी चिकट पट्टी सौंदर्यप्रसाधनांच्या दुकानात सहज मिळते. कुणी ती लावावी की नाही, हा ज्याचा-त्याचा प्रश्न. पण शेकडो वर्षं ज्या एकपदरी डोळ्यांची चित्रं त्याच देशांतल्या चित्रकारांनी सुंदर म्हणून काढली, ते एकाएकी अपुरे कसे ठरले, हे विचारायला हवं.

वय मात्र सगळ्यांना एका तक्त्यात आणून बसवतं. पापणीची कातडी अंगावरच्या सगळ्या कातडीत पातळ. ती सैल पडते, भुवई खाली येते, आणि तरुणपणी बदामी म्हणून मिरवलेले डोळेही साठीत झाकले जातात. माझ्या मैत्रिणी आता मला विचारतात, "तू लायनर कसं लावतेस गं? माझं वरच्या पापणीला लागून फरफटतं." आमच्या घराण्याला ही विद्या जन्मजात अवगत आहे. पापणी पापणीला टेकते म्हणून रंगाखाली प्रायमर हवा आणि रेघ पाण्यानं न पसरणारी हवी. रेघ जितकी जाड, तितकी ती घडीत हरवते; म्हणून बारीक रेघ, पापण्यांच्या केसांच्या मुळाशी. चष्म्याचंही तसंच. मायनस नंबरच्या काचेतून डोळे लहान दिसतात, तिथे गडद रंग बेतानं. प्लस नंबरच्या काचेतून ते मोठे दिसतात आणि रेघेतली चूकही मोठी दिसते, तिथे हात सावकाश.

तेव्हा माझं सांगणं एवढंच आहे. पापणीच्या आतल्या कडेवर तेल सोडणाऱ्या ग्रंथींची बारीक तोंडं असतात. रोज तिथे काजळ थापून ती बुजवू नका, आणि झोपण्यापूर्वी डोळे स्वच्छ करा. लेन्स वापरत असाल तर ती आधी घाला, मेकअप नंतर. मस्कारा तीन महिन्यांनी टाकून द्या, पैसे कितीही पडलेले असोत. काजळाची पेन्सिल सख्ख्या बहिणीलाही उसनी देऊ नका. तक्ते जरूर पाहा, फिकट-गडदाचा नियम त्यांच्याकडून घ्या आणि 'सुधारा', 'लपवा' तिथेच सोडून द्या. मग खिडकीपाशी दिवसाच्या उजेडात आरसा धरा, भुवया जागेवर राहू द्या, डोळे उघडे ठेवून समोर बघा आणि रेघ कुठे जायला हवी ते तिथूनच ठरवा. मिटल्यावर ती वाकडी दिसली तरी चालेल. लोक तुम्हाला भेटतात तेव्हा तुमचे डोळे उघडेच असतात.